टीएमटी नॉर्मल होती, मग झटका कसा आला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, नाशिकला एमआयडीसीत नोकरी, फिरती शिफ्ट. वडिलांची ५१ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. ४४ वर्षांच्या चुलतभावाला मागच्या महिन्यात मोठा झटका आला, आणि तीनच महिन्यांपूर्वी कंपनीच्या तपासणीत त्याची टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर पळवून काढलेला ईसीजी, निगेटिव्ह होती. तुम्ही शाकाहारी, सिगारेट ओढत नाही, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ३७ इंच. छातीत काहीच त्रास नाही. रक्तातल्या चरबीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १२८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड २१०, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९, आणि रिपोर्टखाली शेरा ‘बॉर्डरलाइन’. तुम्हाला विचारायचंय की हा आजार मुळात होतो कशाने, आपल्याला तो आहे की नाही हे कळणार कसं, आणि एकदाचा सीटी अँजिओ (सीटी स्कॅनने काढलेलं हृदयाच्या धमन्यांचं चित्र) करून टाकावा का.

भावापासून सुरुवात करतो, कारण तुमची झोप त्याच्यामुळे उडाली आहे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या महाधमनीच्या बुडाशीच फुटतात. एक उजवी, एक डावी, आणि डावीच्या लगेच दोन मोठ्या शाखा होतात. त्यांची जाडी सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलएवढी. टीएमटीत आपण माणसाला पट्ट्यावर पळवतो, हृदयाची रक्ताची मागणी वाढवतो आणि ती पुरी पडते का ते ईसीजीवर पाहतो. धमनीचा व्यास साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास आवळला गेला, तरच पळताना पुरवठा कमी पडतो आणि ईसीजीत बदल दिसतो. तीस-चाळीस टक्क्यांचा थर असेल तर टीएमटीला तो दिसतच नाही. आणि दुर्दैव असं, की झटका बऱ्याचदा याच बिनबोभाट थरामुळे येतो.

कसा, ते समजून घ्या. धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर दोन प्रकारचा असू शकतो. एक टणक, जुना, चुन्यासारखा कडक झालेला. तो हळूहळू वाट अडवतो, चढ चढताना छाती भरून येते, माणूस डॉक्टरकडे जातो. दुसरा मऊ असतो. आत लोण्यासारखी चरबी आणि सुजेच्या पेशी, वर पातळ पापुद्रा. पिकलेल्या गळवासारखं म्हणा. हा पापुद्रा फाटला की आतला मालमसाला रक्ताच्या संपर्कात येतो, शरीराला वाटतं जखम झाली, आणि तिथे गुठळी धरायला लागते. सकाळी चाळीस टक्के असलेली जागा काही मिनिटांत शंभर टक्के बंद होऊ शकते. तुमच्या भावाची टीएमटी बहुधा चुकलेली नव्हती. तिला विचारलं होतं, ‘पळताना रक्त पुरतं का?’ तिने सांगितलं, ‘पुरतं.’ भिंतीत काय शिजतंय हे तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि ते तिला सांगताही येत नाही.

तर ‘ब्लॉक’ आणि ‘आजार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॉक हा आजाराचा उशिरा दिसणारा एक परिणाम. पुढचं सगळं उत्तर याच फरकावर उभं आहे.

आजार भिंतीत शिरतो तो एलडीएलच्या कणांवर बसून. हे कण धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत जातात, तिथे अडकतात, खराब होतात. शरीराच्या सफाई पेशी त्यांना गिळायला येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्याचाच थर होतो. रक्तदाब जास्त असेल तर अस्तरावर मार बसतो, विशेषतः जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे. अँजिओत ब्लॉक वारंवार फाट्यांपाशी सापडतात ते त्यामुळे. साखर आणि तंबाखू अस्तर आणखी कमकुवत करतात.

हे काम फार लवकर सुरू होतं. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्के तरुणांच्या करोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. धडधाकट, रोज कवायत करणारी पोरं. त्यामुळे चाळिशीतला माणूस ‘मला हा आजार आहे का’ असं विचारतो तेव्हा माझ्या मनात खरा प्रश्न ‘किती आहे आणि किती वेगाने वाढतोय’ असा असतो. एलडीएलचं गणित बँकेच्या व्याजासारखं आहे: आजचा आकडा किती, यापेक्षा तो किती वर्षं तसाच राहिला हे जास्त मोजलं जातं.

आणखी एक गंमत, किंवा क्रूर चेष्टा म्हणा. थर वाढायला लागला की धमनी आधी बाहेरच्या अंगाला फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. ग्लागोव्ह नावाच्या शिकागोच्या पॅथॉलॉजिस्टने १९८७ मध्ये हे दाखवलं. भिंतीतला थर धमनीच्या आडव्या छेदाच्या सुमारे चाळीस टक्के जागा खाईपर्यंत आतली वाट जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे अँजिओग्राफीत सरळसोट, गुळगुळीत दिसणारी धमनीही आजारी असू शकते, कारण नळी घालून करतात तो अँजिओ आतल्या पोकळीची सावली दाखवतो, भिंत दाखवत नाही.

आता धोका कोणाला, हे. यातलं बरंचसं ज्ञान अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या एका गावातून आलं. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ लोकांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली, आणि बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही नावं त्यातून पुढे आली. पण ते गोऱ्यांचं गाव. आपल्यासाठी जास्त कामाचा अभ्यास म्हणजे २००४ चा इंटरहार्ट. ५२ देश, झटका आलेले सुमारे पंधरा हजार रुग्ण आणि तेवढेच झटका न आलेले लोक. निष्कर्ष असा की नऊ गोष्टींनी पुरुषांतला नव्वद टक्के धोका समजावून सांगता येतो: बिघडलेली चरबी, तंबाखू, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायामाचा अभाव, आणि दारूचं प्रमाण. ‘आपल्याकडे काहीतरी वेगळंच कारण असेल’ ही समजूत त्याने मोडली. कारणं तीच, फक्त आपल्याकडे ती लवकर येतात. पहिल्या झटक्याचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतर देशांत जवळपास ५९.

लवकर का, याचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. ब्रिटनमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने कितीतरी कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली. स्नायू मात्र कमी. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तुम्ही लिहिलंय की तुमचं वजन ‘प्रमाणात’ आहे. ६८ किलो आणि १७० सेंटिमीटर म्हणजे बीएमआय साडेतेवीस, जो आपल्या निकषांनी २३ च्या वरच जातो. पण ते सोडा. तुमच्याबद्दल खरं बोलते ती कंबर. ३७ इंच म्हणजे ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला मर्यादा ९० ची, बायकांना ८० ची. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपली राष्ट्रीय आकृती आहे आणि हृदयाला ती अजिबात मानवत नाही.

आता कंबर, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली असं एकत्र ठेवा. पाच निकषांपैकी तीन झाले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमचे तीन तर इथेच झाले. त्यात ५.९ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर. अशा माणसात एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे एलडीएल १२८ दिसतं त्यापेक्षा जास्त वाईट असतं. एक साधं गणित घरी करा: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. तुमचं एकूण साधारण २०४ येईल, त्यातून ३४ गेले, उरले १७०. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि ट्रायग्लिसराइड चढलेले असताना मी एलडीएलपेक्षा या आकड्याकडे जास्त पाहतो. हा १३० च्या खाली हवा होता. ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द लॅबचं मशीन छापतं. त्याला तुमच्या वडिलांबद्दल काही माहीत नसतं.

शाकाहारी असण्याबद्दल. माझ्या ओपीडीत शाकाहारी रुग्ण काही कमी नाहीत. दिवसाला पाच-सहा कप साखरेचा चहा, त्याबरोबर खारी-टोस्ट, शिफ्ट सुटल्यावर वडापाव, उपवासाला साबुदाणा आणि बटाटा: यात मांस कुठेच नाही, पण ट्रायग्लिसराइड वाढवायला आणि एचडीएल पाडायला एवढं पुरतं. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी सगळ्यांत वाईट. २०२२ पासून खाद्यतेल-वनस्पतीत ती दोन टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे, पण गाड्यावर तेच तेल दिवसभर उकळत असतं त्याचं काय करायचं? घरच्या वरणभातावरच्या चमचाभर साजूक तुपाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दोन चमचे भाजी आणि चार पोळ्या या हिशेबाशी.

तंबाखूबद्दल मी जरा जास्तच खोदून विचारतो. ‘व्यसन?’ ‘नाही डॉक्टर.’ आणि तपासायला शर्ट काढायला सांगितला की खिशातून चुन्याची डबी खाली पडते. आपल्याकडे मळून खाल्लेली तंबाखू व्यसनात धरतच नाहीत, आणि बायका भाजलेली मिश्री दाताला लावतात ती तर ‘दात घासायला’ असते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. धूर नसला तरी निकोटीन रक्तात जातंच, नाडी आणि बीपी वाढतंच. इंटरहार्टमध्ये चघळायच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढलेला दिसला होता. तुम्ही फक्त सिगारेटबद्दल लिहिलंय, म्हणून विचारून ठेवतो.

घराण्याचा इतिहास. आम्ही हिशेबात धरतो तो रक्ताच्या अगदी जवळच्या नात्यात, म्हणजे वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत. वडिलांचे ५१ म्हणजे तुमचा इतिहास पक्का आहे. चुलतभावाने त्याला दुजोरा दिला. अशा घरात एक चाचणी मी आवर्जून करायला सांगतो, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते. तिचं नाव लिपोप्रोटीन-ए. एलडीएलच्याच कणाला एक जादा प्रथिन गुंडाळलेलं असतं. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते शोधलं. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकं ठरवतात; चालणं, पथ्य, वजन कशानेही ती फारशी हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला. मग लोक विचारतात, कमीच करता येत नसेल तर मोजायची कशाला? कारण ती जास्त असेल तर बाकी सगळ्या गोष्टींत मी जास्त कडक होतो. बीपी, साखर, एलडीएल, कशालाच सूट देत नाही.

बाकीची यादी पटकन संपवतो. मूत्रपिंडाचा जुना आजार, संधिवात, सोरायसिस, एचआयव्ही हे सगळे धोका वाढवतात, कारण अंगात सूज धुमसत राहते. बायकांत गरोदरपणी चढलेलं बीपी किंवा झालेला मधुमेह पुढच्या वीस वर्षांची सूचना देऊन जातो, आणि ती सूचना कोणी नोंदवून ठेवत नाही. फिरत्या शिफ्टने झोप मोडते, बीपी-साखर दोन्ही बिघडतात. घोरणं आणि दिवसा डुलक्या असतील तर मला सांगा. हवेतला बारीक धूर हेही आता मान्य कारण आहे. क्वचित चरबीचा संबंधच नसतो: धमनी आकसते, तरुण बाईत तिची भिंत आतून चिरते, लहानपणच्या कावासाकी आजाराने फुगवटे राहतात. तुमच्या बाबतीत मी त्यांचा विचार करणार नाही.

निदानाकडे येतो. सगळ्यांत उपयोगी तपासणी कोणती, असं मला विचाराल तर रुग्णाचं म्हणणं नीट ऐकणं. विल्यम हेबरडेन नावाच्या लंडनच्या वैद्याने १७६८ मध्ये अंजायनाचं वर्णन केलं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळतं, थांबलं की जातं. ना ईसीजी, ना रक्तचाचणी, आणि वर्णन आजही तंतोतंत लागू. अडचण भाषेची आहे. ‘छातीत दुखतं का?’ असं विचारलं की अर्धे रुग्ण ‘नाही’ म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. त्यांना दुखत नसतं. त्यांच्या ‘छातीत भरून येतं’, ‘गच्च होतं’, ‘दगड ठेवल्यासारखं वाटतं’, ‘जळजळतं’. मुठीने छातीचा मधला भाग दाखवणारा माणूस मला काळजीत टाकतो. एका बोटाने ‘हे इथे, टोचतं’ म्हणणारा, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर दुखणारा, सहसा टाकत नाही.

एक शेतकरी आठवतो, साठीचा. चार महिने ॲसिडिटीची गोळी खात होता. त्याची तक्रार अशी की म्हशीला पाण्यावर नेताना लिंबाच्या झाडापर्यंत गेलं की गॅस छातीत चढतो, तिथे दोन मिनिटं टेकलं की ढेकर येतो आणि मोकळं वाटतं. ‘घरी बसल्या बसल्या चढतो का?’ ‘नाही.’ ‘परत येताना?’ ‘उतार आहे, नाही चढत.’ ईसीजी स्वच्छ, टू-डी इको स्वच्छ. चढावर चढणारा आणि उतारावर न चढणारा गॅस मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या डाव्या मुख्य धमनीला मोठा अडथळा होता, बायपास झाली. ढेकर आल्याने बरं वाटलं म्हणजे हृदय नाही, असं मुळीच नसतं. हृदयाच्या खालच्या भिंतीचा त्रास पोटाच्या वरच्या अंगालाच जाणवतो. मधुमेहींना आणि बायकांना तर नुसता दम लागतो, नुसता थकवा येतो, किंवा जबड्यात, हातात काहीतरी होतं.

तेव्हा बसून काढलेला ईसीजी स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. अंजायना असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो स्वच्छच असतो. इको हृदयाचा पंप दाखवतो, झडपा दाखवतो, धमन्या दाखवत नाही. ‘इको नॉर्मल, म्हणजे ब्लॉक नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो आणि रोज खोडतो.

टीएमटीचं नेमकं स्थान काय? त्रास आहे, पण तो हृदयाचा आहे की नाही याबद्दल संशय आहे, अशा माणसात ती उपयोगी. तुमच्यासारख्या त्रास नसलेल्या माणसात ती दोन्हीकडून फसवते. ढोबळ आकडे घ्या: मोठा ब्लॉक असलेल्या शंभरांतले ती साधारण ६८ पकडते, आणि नसलेल्या शंभरांतल्या २३ जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. आता ज्यांच्यात आजार फक्त पाच टक्के असेल असे हजार कामगार रांगेने पळवले, असं धरा. खरे आजारी ५०, त्यांतले पकडले ३४. निरोगी ९५०, त्यांतले उगाच पॉझिटिव्ह २१८. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सातांपैकी एकालाच खरा आजार, बाकी सहा जण अँजिओच्या वाटेला लागले. आणि १६ आजारी माणसं निगेटिव्हचा कागद घेऊन निर्धास्त घरी गेली. कंपन्यांच्या पॅकेजमध्ये टीएमटी असते ती लोकांना पट्ट्यावर पळाल्याचं समाधान वाटतं म्हणून, असं माझं मत झालंय. भावाचा रिपोर्ट अजून असेल तर एक गोष्ट मात्र पाहा. ४४ व्या वर्षी कमाल नाडी १७६ धरतात, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १५० पर्यंत ती पोचली होती का? न पोचताच थांबवलेली टीएमटी ‘निगेटिव्ह’ नसते, अपुरी असते.

सीटी अँजिओबद्दल तुम्ही थेट विचारलंय, म्हणून थेट सांगतो: तुम्ही तो आत्ता करू नये. तपासणी उत्तम आहे. नाडी साठ-पासष्टच्या खाली आणून, शिरेतून डाय (क्षकिरणांत उठून दिसणारं औषध) देऊन, ती धमनीची पोकळीच नाही तर भिंतीतला मऊ थरही दाखवते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर तिचा अभ्यास झाला. पाच वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका, सीटी केलेल्यांत २.३ टक्के, न केलेल्यांत ३.९. पण हा फायदा जास्त स्टेंट टाकल्याने झाला नाही. स्टेंट-बायपासचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. थर डोळ्यांना दिसल्यावर योग्य लोकांना एलडीएल कमी करणारी स्टॅटिनसारखी औषधं सुरू झाली, त्याचं बहुतेक श्रेय. शिवाय ते सगळे त्रास असलेले रुग्ण होते. तुमच्यात सीटीने तीस टक्के थर दाखवला तर मी जे करीन, ते तुमचे आकडे पाहून मी आजच करणार आहे. उलट ‘तीस टक्के ब्लॉक’ हे शब्द कानावर पडले की घरचे तुम्हाला जिना चढू देणार नाहीत.

गोळी घ्यावी की नाही यावर तुमचं मन बनत नसेल, तर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे धमन्यांत साठलेल्या चुन्याचं मोजमाप, करा. तोही सीटीच, पण डाय नाही आणि क्षकिरणांचा डोस कमी. शून्य, शंभरपर्यंत, चारशेपर्यंत, त्यापुढे, असे टप्पे. चाळिशीत स्कोअर शंभरच्या वर आला तर चर्चेला जागाच उरत नाही. शून्य आला तर बरं वाटून घ्या, पण पूर्ण नाही, कारण आपल्याकडच्या तरुण रुग्णांत थर मऊ असतो आणि त्यात अजून चुना बसलेला नसतो.

खरी अँजिओग्राफी, मनगटातून नळी घालून करतात ती, हे निदानाचं शेवटचं टोक. तिचा जन्म अपघाताने झाला. १९५८ मध्ये क्लीव्हलंडला मेसन सोन्स महाधमनीत डाय सोडत होते, नळीचं टोक सरकून उजव्या करोनरीत गेलं आणि सगळा डाय तिथे गेला. तोवर सगळ्यांची समजूत होती की असं झालं तर माणूस जागीच मरेल. हृदय काही सेकंद थांबलं. सोन्सनी रुग्णाला खोकायला सांगितलं, आणि ते पुन्हा सुरू झालं. आज तुमच्या जिल्ह्यातही हे रोज होतं. फक्त टक्के ऐकताना सावध राहा. सत्तर टक्के हा व्यासाचा आकडा, क्षेत्रफळात तो नव्वदच्या वर जातो, आणि तो बहुतेक वेळा डोळ्यांनी अंदाजून सांगितलेला असतो. मधल्या दर्जाचा ब्लॉक असेल तर बारीक तारेने अडथळ्याच्या पुढचा दाब मोजता येतो. ०.८० किंवा त्याखाली आला तर तो खरंच रक्त अडवतोय.

स्थिर अंजायनात ‘उद्या सकाळीच प्लास्टी’ असं कोणी म्हणालं तर दुसरं मत घ्यायला तुमच्याकडे वेळ असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्ण होते. डाव्या मुख्य धमनीचे मोठे ब्लॉक वगळले होते. आधी औषधं आणि आधी अँजिओ करून गरजेप्रमाणे स्टेंट-बायपास या दोन गटांत मृत्यू आणि झटक्यांत लक्षणीय फरक निघाला नाही. ज्यांना अंजायनाचा त्रास होता, त्यांना मात्र स्टेंट-बायपासने जास्त बरं वाटलं.

चालू झटक्याचं गणित पूर्ण उलटं. तिथे मिनिटं मोजायची. छातीत दहा-पंधरा मिनिटं भरून आलं, घाम फुटला, तर १०८ ला फोन, आणि जिथे ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात. स्वतः दुचाकी काढायची नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला स्वच्छ आला आणि त्रास चालूच असेल तर पुन्हा काढा म्हणून हट्ट धरा. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढायला वेळ लागतो, म्हणून त्याची पहिली चाचणी निगेटिव्ह आली की घरी जायचं नसतं, काही तासांनी दुसरी करायची.

तर तुमच्यासाठी, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहा. शिफ्ट बदलेल ते दिवस वगळू नका. लिपोप्रोटीन-ए आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून घ्या. माझं मत स्टॅटिन सुरू करण्याकडे आहे. एलडीएल शंभरच्या खाली, आणि लिपोप्रोटीन-ए वाढलेलं निघालं तर सत्तरच्या खाली. हे तुमच्या डॉक्टरांसमोर बसून ठरवा, कारण यकृताचे आकडे मी पाहिलेले नाहीत. कंबर सहा महिन्यांत दोन इंच उतरली तर ट्रायग्लिसराइड आणि साखर दोन्ही खाली येतील, ते तेव्हा पुन्हा मोजू. वडिलांच्या अँजिओची जुनी सीडी किंवा रिपोर्ट असेल तर शोधून ठेवा.

आणखी एक. वडील, भाऊ, तुम्ही, सगळे पुरुषच तुमच्या प्रश्नात आहेत. शेवटी ओझरतं लिहिलंय की एक बहीण आहे, थोरली, आणि ‘तिला काही नाही, फक्त बाळंतपणात बीपी वाढलं होतं’. तिचं लिपिड आणि लिपोप्रोटीन-ए तुमच्याबरोबरच करून घ्या. मिश्री लावते का, तेही विचारा.